सही त्याची, कार्ड तुमचं

पत्राचा सारांश : (ओळख कळू नये म्हणून गावं आणि काही तपशील बदलले आहेत.) पत्रलेखिका २९ वर्षांची. माहेर सांगलीचं, शिक्षण एम.कॉम., लग्नाआधी पुण्यात एका सहकारी बँकेत नोकरी. स्थळ ओळखीतून आलं. मुलगा न्यू जर्सीत वाढलेला, अमेरिकेचा नागरिक. लग्न सांगलीत झालं, व्हिसा यायला १४ महिने लागले. अमेरिकेत येऊन आता १५ महिने झाले, तिथे ती एका हिशेबाच्या कार्यालयात काम करते, आणि ग्रीन कार्डाची मुदत ९ महिन्यांनी संपते. गेल्या दिवाळीपासून नवरा वेगळ्या खोलीत झोपतो. 'मला हे पुढे न्यायचं नाही' म्हणतो आणि वाद वाढला की 'मी एक मेल टाकला तर तुझं कार्ड रद्द होईल' असं ऐकवतो. सासूबाई म्हणतात, दोन-तीन महिने माहेरी राहून ये, डोकी शांत होतील. तिकीट त्याच काढणार आहेत, फक्त जायचं. नवऱ्याने आता एक तोडगा पुढे केलाय : पक्क्या कार्डाच्या अर्जावर तो सही करेल, पण तिने दागिन्यांवरचा आणि पैशांवरचा हक्क लिहून सोडावा. आई म्हणते, कशीबशी दोन वर्षं काढ, दहा वर्षांचं कार्ड हातात पडलं की बघू. काका म्हणतात, उद्याच्या उद्या परत ये. तिचे प्रश्न दोन आहेत. कार्ड टिकवायचं तर लग्न टिकवावंच लागेल का? आणि कार्डासाठी थांबले, तर 'तू कार्डासाठीच लग्न केलंस' हे नवऱ्याचं म्हणणं खरं ठरेल का?

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा प्रश्नासाठी आणि एकदा तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन वाक्यांसाठी. त्या वाक्यांकडे मी येणार आहेच. पण आधी, ज्याने तुमची झोप उडवलीय त्याचं उत्तर देते. नाही, तुमचा नवरा एक मेल टाकून तुमचं कार्ड रद्द करू शकत नाही. दहा मेल टाकले तरी नाही.

तुम्ही सांगलीत बसून व्हिसाची वाट बघत होतात, त्या १४ महिन्यांत त्याला ते शक्य होतं. तेव्हा अर्ज त्याचा होता, तो मागे घेऊ शकला असता. पण तुम्ही विमानातून उतरलात, इमिग्रेशनच्या खिडकीवर शिक्का बसला आणि तुम्ही स्वतःच्या नावाने त्या देशाच्या कायम रहिवासी झालात. तेव्हापासून हा मामला तुमचा आणि अमेरिकन सरकारचा आहे. सरकारला तो दर्जा काढून घ्यायचा असेल तर नोटीस द्यावी लागते, कारण सांगावं लागतं आणि शेवटी इमिग्रेशन न्यायाधीशापुढे उभं राहून आपली बाजू मांडायचा हक्क तुम्हाला असतो. नवरा तक्रार करू शकतो, हे खरं. ती तक्रार फाइलीत जाईल. त्याच फाइलीत तुमचे कागदही असतील.

मग या 'सही'चं एवढं प्रस्थ का? ते नीट समजून घ्या, कारण अर्धवट माहितीवरच हा सगळा धाक उभा आहे. लग्नं लावून कार्ड मिळवण्याचे प्रकार होतात म्हणून अमेरिकेने १९८६ साली कायदा केला. देशात कायम रहिवासी म्हणून पाऊल ठेवता त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. तुमच्या कार्डावर 'सीआर१' असं लिहिलेलं असेल, बघा. हे सशर्त कार्ड. मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ नावाचा अर्ज भरायचा, आम्ही अजून एकत्र आहोत याचे पुरावे जोडायचे आणि अट काढून घ्यायची. दोघांची सही लागते ती इथे.

त्याच अर्जावर थोडं खाली आणखी काही चौकटी आहेत, त्यांबद्दल तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. लग्न खऱ्या मनाने केलं होतं पण घटस्फोट झाला, ही एक. लग्न खरं होतं पण जोडीदाराने मारहाण किंवा पराकोटीचा छळ केला, ही दुसरी. परत पाठवलं तर असाधारण हाल होतील, ही तिसरी. यांतली एक लागू झाली तरी पुरते, आणि तिथे नवऱ्याची सही लागत नाही. या मार्गाने जायचं असेल तर ९० दिवसांच्या खिडकीचीही वाट बघावी लागत नाही. अर्ज कधीही करता येतो, फक्त कार्डाची मुदत उलटू देऊ नये. ज्या सहीसाठी तुमच्याकडून दागिने मागितले जातायत ती सही न घेताही तुम्ही तिथे राहू शकता. तो तोडगा आज नाकारला तरी तुमचं काही बुडत नाही.

आणि कायदा इथे काय विचारतो, ते लक्षात घ्या. लग्न टिकलं का, असं तो विचारत नाही. लग्न करताना तुमचं मन खरं होतं का, एवढंच विचारतो. हे दोन प्रश्न आपल्या समाजात आपण इतके एकमेकांत गुंतवून ठेवलेत, की लग्न मोडलं म्हणजे मुळातच काहीतरी खोट होती असं माहेरचेही मानायला लागतात, आणि पुढे पुढे बाईसुद्धा. अमेरिकन सरकारचा एक रूक्ष फॉर्म या बाबतीत आपल्या नातेवाइकांपेक्षा शहाणा निघाला, असं मला अनेकदा वाटून गेलंय.

आता आईंचा सल्ला. त्यामागची काळजी मला कळते. पोरीने एवढी नोकरी सोडली, सातासमुद्रापार गेली, निदान हातात काहीतरी राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पण त्यांचा हिशेब चुकतोय. दोन वर्षं काढली की पक्कं कार्ड हातात पडत नाही. दोन वर्षांच्या शेवटी फक्त अर्ज करता येतो. मग पावती येते, तिच्यावर कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढते आणि निकाल यायला बराच काळ जातो. त्या सगळ्या काळात नवरा आपली सही मागे घेऊ शकतो. म्हणजे 'कशीबशी दोन वर्षं' म्हणून जे सुरू होईल ते तीन, चार वर्षं चालू शकेल आणि तेवढा सगळा वेळ तुम्ही त्याच्या मर्जीवर राहाल. शिवाय तुम्ही दोघं वेगळे झालेले असताना 'आमचा संसार सुरळीत चाललाय' असं अर्जात लिहिणं म्हणजे सरकारपुढे खोटं बोलणं. आज तुमची बाजू धडधडीत खरी आहे. ती अशा एका वाक्यासाठी घालवू नका.

उलट, आपण वेगळे व्हायच्या वाटेवर आहोत हे मोकळेपणाने सांगून एकत्र अर्ज करणारी जोडपीही असतात, आणि पुढे घटस्फोट झाला की तोच अर्ज एकटीच्या नावावर वळवून घेता येतो. नवरा खरंच सामोपचाराने वागत असता, तर मी तुम्हाला हा मार्ग नीट समजावून सांगितला असता. पण सहीच्या बदल्यात स्त्रीधन मागणारा माणूस सामोपचाराने वागतोय असं मला वाटत नाही. आई-वडिलांनी, मामांनी अंगावर घातलेलं सोनं तुमचं आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलंय की स्त्रीधनाची मालकी बायकोची, ते नवऱ्याकडे किंवा सासरी ठेवायला दिलं तरी मालकी बदलत नाही. स्वतःच्या वकिलाने वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका. 'साधा कागद आहे' असं म्हणून पुढे केलेल्या कागदावर तर मुळीच नको.

आता ती दोन वाक्यं.

पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय : 'पासपोर्ट सासूबाईंच्या कपाटात आहे, हरवू नये म्हणून त्यांनीच ठेवलाय.' आणि चौथ्या पानावर, भांडणांचं सांगता सांगता : 'डिसेंबरात एकदा रात्री त्यांनी मला गाडीतून उतरवलं आणि निघून गेले, मी दोन मैल चालत घरी आले.' त्याच्या पुढच्याच वाक्यात तुम्ही त्यांच्या कामाच्या ताणाबद्दल लिहायला लागलात.

मी तुमच्यावर कुठलाही शब्द लादणार नाही. पण हेच तुमच्या धाकट्या बहिणीने तुम्हाला फोनवर सांगितलं असतं, तर तुम्ही त्याला भांडण म्हणाला असता का? न्यू जर्सीच्या डिसेंबरात, रात्री, ज्या रस्त्यांना धड पदपथ नसतात तिथे बायकोला सोडून जाणं, तिचा पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात असणं, पगार जातो त्या खात्याचा पासवर्ड तिला माहीत नसणं, आणि वर देशाबाहेर काढण्याची धमकी. अंगावर वळ उठले नाहीत म्हणून तो छळ नव्हे, असं अमेरिकेचा कायदा मानत नाही. धमक्या, कोंडमारा, पैशांची नाकेबंदी, हे त्यात धरलं जातं. ही दुसरी चौकट तुम्हाला लागू होते की नाही, हे चांगल्या वकिलासमोर बसून ठरवा. ती लागू झाली तर घटस्फोटाच्या निकालाचीसुद्धा वाट बघावी लागत नाही. आणि अशा प्रकरणात छळ करणाऱ्याला तुमच्या अर्जाची माहिती दिली जात नाही, नुसत्या त्याच्याच सांगण्यावरून तुमच्याविरुद्ध निर्णयही घेता येत नाही. 'एक मेल टाकला तर' याचं खरं उत्तर हे आहे.

तुमच्या जवळच अशी माणसं आहेत जी हे रोज ऐकतात. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून काम करतेय, न्यूयॉर्कमध्ये 'सखी' आहे, शिकागोकडे 'अपना घर', कॅलिफोर्नियाच्या बे एरियात 'मैत्री'. तिथे सून, सासू, स्थळ, देणं-घेणं हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगत बसावं लागत नाही. देशभरासाठी कौटुंबिक हिंसाचाराची २४ तासांची हेल्पलाइन आहे, १-८००-७९९-७२३३. दुभाषा मागता येतो, नाव सांगावं लागत नाही. फोन करताना तो घरच्या फॅमिली प्लॅनवरचा फोन नसेल तर बरं, कार्यालयातून करा. आणि पुन्हा तशी रात्र आली तर ९११. पोलीस बोलावले म्हणजे आपण घराण्याची अब्रू घालवली, असा विचार मनात येईल. येऊ द्या, आणि तरी फोन करा.

सासूबाईंच्या तिकिटाबद्दल मात्र मी स्पष्टच सांगते. आत्ता जाऊ नका.

त्यांचा हेतू चांगलाही असेल, मला माहीत नाही. पण माहेरी विसाव्यासाठी म्हणून पाठवलेल्या आणि मग परतीचं तिकीटच न आलेल्या मुलींच्या गोष्टी सांगली-कोल्हापूरकडेही कमी नाहीत. कुणाचं कार्ड 'चुकून' सासरीच राहिलं, कुणाला घटस्फोटाचे कागद माहेरच्या पत्त्यावर आले तेव्हा तिकडची तारीख होऊन गेली होती. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे : ९ महिन्यांनी अर्जाची मुदत आहे आणि त्या वेळी हाताशी कागद, वकील आणि पत्ता लागणार. प्रवासाला कायद्याची बंदी नाही. पासपोर्ट आणि कार्ड स्वतःच्या पर्समध्ये, परतीचं तिकीट स्वतःच्या पैशाने काढलेलं आणि वकिलाशी बोलणं झालेलं, एवढं असेल तर पंधरा दिवस आईकडे जाऊन या, तुम्हाला त्याची गरज आहे. पण मुक्काम सहा महिन्यांवर गेला की परतताना प्रश्न विचारले जातात आणि परवाना न घेता एक वर्षाच्या वर गेला तर कार्ड हातचं जाऊ शकतं. विमानतळावर कुणी आय-४०७ नावाचा फॉर्म पुढे केला तर सही करू नका. तो कार्ड आपणहून सोडल्याचा कागद असतो, त्यावर सही करणं सक्तीचं नाही, आणि नकार दिला तर न्यायाधीशापुढे जायचा हक्क शाबूत राहतो.

म्हणून पहिलं काम पासपोर्टचं. शांतपणे मागा, निमित्त करून मागा. बँकेत लागतोय म्हणा, ते खोटंही ठरणार नाही, कारण दुसरं काम तेच आहे : स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं उघडा, वेगळ्या बँकेत, आणि पुढचा पगार तिथे घ्या. पासपोर्ट दिलाच नाही, तर पोलिसांत नोंद करून न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीमार्फत नवा मिळवता येतो. वेळ जाईल, पण मिळेल. कार्ड, पासपोर्ट, व्हिसाचं पान, लग्नाचा दाखला, या सगळ्यांचे फोटो काढून एका नव्या ईमेलवर ठेवा, ज्याचा पासवर्ड फक्त तुम्हाला माहीत असेल. सांगलीला भावालाही पाठवून ठेवा.

पत्त्याचं एक सांगते, कारण चांगल्या शिकलेल्या मुली यात अडकलेल्या मी पाहिल्यात. घर सोडलंत तर १० दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला नवा पत्ता कळवावा लागतो, एआर-११ नावाचा फॉर्म आहे, ऑनलाइन भरता येतो. टपाल खात्यातही पत्ता बदला. नाहीतर महत्त्वाचं पत्र जुन्या घरी जातं, तिथे कुणीतरी ते ड्रॉवरमध्ये टाकतं आणि तुम्ही हजर झाला नाहीत म्हणून अर्ज फेटाळला जातो.

आता पुरावे. इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण तुम्ही लिहिलंय, 'माझ्याकडे काय पुरावा असणार, सगळं त्यांच्या नावावर आहे.' ही समजूत मला फार जणींच्या तोंडून ऐकू येते. घर त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर, वीजबिल त्याच्या नावावर, मग संसार माझा होता हे कोण मानणार?

दोघांनी मिळून टॅक्स रिटर्न भरला असेल तर त्याची नक्कल तुम्ही स्वतः आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडून, मागवू शकता, नवऱ्याला विचारायची गरज नाही. तुमचा पगार जमा होणाऱ्या सामायिक खात्याची स्टेटमेंट्स काढा. त्याच्या नोकरीच्या आरोग्य विम्यात तुमचं नाव आहे, ते कार्ड तुमच्या पर्समध्येच असेल. डॉक्टरकडे फॉर्म भरताना 'आणीबाणीत कुणाला कळवायचं' तिथे त्याचं नाव लिहिलंत, तेही चालतं. आणि मग आपल्याकडचं : साखरपुड्यापासूनचे फोटो, केळवणांचे, हळदीचे, आजीने ओवाळलं त्याचे. छापलेली पत्रिका. मंगल कार्यालयाची पावती. विवाह नोंदणीचा दाखला. त्या १४ महिन्यांच्या ताटातुटीतले व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, 'जेवलीस का' पासून सगळे, तारखांसकट. तो तुम्हाला भेटायला सांगलीला आला होता त्या विमानाची तिकिटं. मराठी मंडळाच्या गणपतीत तुम्ही दोघांनी मिळून आरती केल्याचा फोटो कुणाच्या तरी फोनमध्ये नक्की असेल, मागून घ्या. मराठीतल्या कागदांना इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याची सही जोडावी लागते, तेवढं करा. ज्यांनी तुमचा संसार डोळ्यांनी पाहिलाय त्या शेजारणीचं, कार्यालयातल्या मैत्रिणीचं प्रतिज्ञापत्र घ्या. 'ती चांगली मुलगी आहे' एवढंच नको. कधी त्यांच्या घरी गेलो, काय पाहिलं, असं लिहिलेलं हवं.

स्थळ पाहून दोन भेटींत लग्न ठरवलं, हे अधिकाऱ्याला विचित्र वाटेल अशी भीती बाळगू नका. आपल्याकडची ही रीत त्यांच्या परिचयाची आहे. कसं ठरलं, कोण मध्यस्थ होतं, तुम्ही काय विचारलंत, त्याने काय विचारलं, सरळ सांगा. आणि हे सगळं गोळा करायला आत्ता लागा, भांडण पेटायच्या आधी, जोवर त्या घरातल्या कपाटांपर्यंत तुमचा हात पोचतोय.

वकील दोन लागतील, हे लक्षात ठेवा. घटस्फोटाचा वेगळा, इमिग्रेशनचा वेगळा, आणि दोघांना एकमेकांचं माहीत हवं, कारण घटस्फोटाच्या निकालाची तारीख आणि अर्जाची तारीख एकमेकींत अडकलेली आहे. अर्ज केला आणि निकाल अजून आलेला नाही, तर इमिग्रेशन खातं पत्र पाठवून निकालाची प्रत मागतं, पण फार काळ थांबत नाही. न्यू जर्सीत कुणाचा दोष सिद्ध करत बसावं लागत नाही, सहा महिने पटत नाही आणि पटायची आशा नाही, हे कारण पुरतं. तेव्हा तो कधी अर्ज करतो याची वाट बघत बसायचीही गरज नाही, तुम्हीही करू शकता. खटला चालू असतानाचा खर्च मागता येतो. पैसे नसतील तर कायदेविषयक मदतकेंद्रं आहेत, 'मानवी'च्या बायका तिथवर पोचवतील. फॉर्म भरून देणारे एजंट आणि 'माझ्या भावाचं असंच झालं होतं' म्हणून सल्ला देणारे मंडळातले काका, या दोघांपासून लांब राहा.

आणखी एक कागद आहे ज्याबद्दल तुमच्या नवऱ्याने बहुधा तुम्हाला सांगितलेलं नाही. तुम्हाला बोलावताना त्याने आय-८६४ वर सही केलीय. तुमचा निर्वाह दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांच्या खाली जाऊ देणार नाही, असा तो सरकारशी केलेला करार आहे. घटस्फोटाने तो संपत नाही. तुम्ही नागरिक झालात, तुमच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्या, तुम्ही देश कायमचा सोडला किंवा दोघांपैकी कुणी वारलं, तरच संपतो. तुम्ही तो करार न्यायालयात मागू शकता. वकिलाला आवर्जून विचारा.

भारतातली बाजू थोडक्यात. तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली सांगलीत झालंय. अमेरिकन न्यायालयाने तुमच्या सहभागाशिवाय, आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावरून दिलेला घटस्फोट इथे बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली म्हटलंय. तुम्ही तिथे हजर राहून, संमतीने घटस्फोट घेतलात तर अडचण कमी. पुढेमागे भारतात दुसरं लग्न करायचं झालं तर त्याआधी इथल्या वकिलाला तो निकाल दाखवून घ्या.

हे सगळं लिहून झाल्यावर मला तुम्हाला एक विचारायचंय. पत्रभर तुम्ही आईंना काय वाटतं, काकांना काय वाटतं, लोक काय म्हणतील हे लिहिलंत. तुम्हाला तिथे राहायचंय का, हे कुठेच लिहिलं नाहीत.

त्याचं उत्तर मला द्यायला नको, पण स्वतःला द्या. तिथल्या हिशेबाच्या कार्यालयातलं काम आवडतं, असं एका ओळीत येऊन गेलंय, आणि सीपीएच्या, म्हणजे तिथल्या सीएच्या, परीक्षेची चौकशी केल्याचंही. तिथे राहावंसं वाटत असेल, तर ती इच्छा लग्नातून उरलेला उष्टा तुकडा नाही. तुम्ही १५ महिने तिथे राबलात, कर भरलात, बर्फात गाडी चालवायला शिकलात. आणि परत यावंसं वाटत असेल, तर तेही हरणं नव्हे, फक्त ते काकांच्या फोनवरून किंवा सासूबाईंच्या तिकिटावर होऊ नये. कार्ड सुरक्षित करा, मग ठरवा. ठेवायचं की सोडायचं हे ठरवायला आधी ते हातात लागतं. नागरिकत्वाची वाटही बंद होत नाही : नागरिकाशी संसार चालू असेल तर तीन वर्षांनी अर्ज करता येतो, तो नसेल तर पाच, आणि ही पाच वर्षं तुम्ही त्या विमानातून उतरलात त्या दिवसापासून मोजली जातात.

अशाच प्रसंगात असलेल्या इतर वाचकांसाठी, पुरुषांसाठीसुद्धा, कारण हा कायदा स्त्री-पुरुष भेद करत नाही : आधी आपलं कार्ड काढून बघा. ते दहा वर्षांचं असेल, तर आय-७५१ चा प्रश्नच नाही, घटस्फोटाने त्याला धक्का लागत नाही. कार्ड अजून आलेलं नसेल आणि अर्जच चालू असेल, तर मात्र घटस्फोटाने तो अर्ज संपतो. छळ झाला असेल तर आय-३६० नावाचा स्वतंत्र अर्ज स्वतःच्या नावाने करता येतो, घटस्फोटानंतर दोन वर्षांच्या आत. आणि जोडीदार नागरिक नसून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल, तुम्ही त्याच्यावर अवलंबून म्हणून मिळणाऱ्या एच-४ वर असाल, तर वरचं जवळजवळ काहीच लागू नाही. घटस्फोटाचा निकाल लागला की तो व्हिसा संपतो, म्हणून निकालाच्या आधीच विद्यार्थी व्हिसा किंवा स्वतःची नोकरी अशी सोय बघायला हवी. नियम बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी फॉर्मची ताजी आवृत्ती आणि फी इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर बघूनच घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. कार्डासाठी थांबले तर त्याचं म्हणणं खरं ठरेल का?

तुम्ही पत्रात लिहिलंय की येताना सामानाचं वजन जास्त झालं, २३ किलोच्या वर, आणि मुंबई विमानतळावर बॅग उघडून तुम्ही स्वतःचे दोन स्वेटर भावाकडे परत दिलेत, पण पितळी पुरणयंत्र ठेवलंत. कारण त्याला पुरणपोळी आवडते, आणि पहिल्या होळीला तुम्ही ती तिथल्या इलेक्ट्रिक शेगडीवर केलीत, सहा करपल्या, चार जमल्या. कार्डासाठी निघालेली बाई स्वेटर ठेवते.

त्या अर्जासोबत स्वतःच्या शब्दांत एक निवेदन जोडायचं असतं : लग्न कसं झालं, संसार कसा होता, कुठे बिनसलं. वकील मसुदा करून देईल, पण आधी तुम्ही मराठीत लिहा, मला लिहिलंत तसंच. ते पुरणयंत्र त्यात घाला. आणि घर सोडाल त्या दिवशी कागदांच्या पिशवीबरोबर तेही उचला, ते तुमच्या आईने दिलंय.